दुरुस्तीचा हक्क: गोदाकाठच्या जुन्या छपरांचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



निवाऱ्याच्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते. ज्याला घर नाही त्याला ते कसे मिळेल, ही एक. आणि झोपडीत राहणाऱ्याला कोणी हुसकावून लावणार नाही याची हमी कशी मिळेल, ही दुसरी. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांसाठी झालेले लढे मोलाचे आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये माणसांचा एक मोठा वर्ग राहून जातो. त्याला घर आहे. दोन-तीन पिढ्यांचे आहे. आज त्याला कोणी उठवायला आलेले नाही. मात्र त्याच्या डोक्यावरचे छप्पर दर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते, दर पावसाळ्यात गळते आणि एखाद्या वर्षी कोसळते. कोसळले म्हणजे वर्तमानपत्रात चार ओळी येतात. गळत असते तेव्हा त्याची नोंद कोठेच होत नाही.

छप्पर दुरुस्त करणे हा ज्याचा त्याचा घरगुती मामला आहे, अशी समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे एका शहराच्या निमित्ताने तपासून पाहणे इष्ट ठरेल. त्यासाठी नांदेड हे उदाहरण घ्यावे. गोदावरीच्या काठी वसलेले हे जुने गाव. होळी, गाडीपुरा, चौफाळा या भागांत आणि नगीनाघाट, बंदाघाटाच्या अंगाने गेलेल्या गल्ल्यांत जुन्या घरांची दाटी आहे. मे महिन्यात येथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. त्यानंतर महिना-दीड महिन्यात पाऊस सुरू होतो, आणि वरच्या बाजूला विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले म्हणजे नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेला महापूर या काठावरचे लोक अद्याप विसरलेले नाहीत. म्हणजे या घरांना वरून ऊन, वरून पाऊस आणि खालून पूर अशा तीन बाजूंनी तोंड द्यावे लागते.

माळवदाचे शास्त्र

मराठवाड्यातील जुन्या घराचे छप्पर म्हणजे माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन, त्यावर लिंबाचा पाला वा पाचट आणि सर्वांत वर मातीचा दडपून बसवलेला जाड थर. घराचे मोजमापही या सांगाड्यावरूनच होई. घर किती खणांचे, असेच विचारले जाई. माती कोणतीही चालत नसे. शेतातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून ती छपरावर निरुपयोगी. जुन्या गावठाणाची, गढीची पांढरी माती मात्र फारशी फुगत नाही आणि दडपली की घट्ट बसते. लिंबाच्या पाल्याने वाळवीला आळा बसे. उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून साणे ठेवलेले असे. पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळी असत.

हे बांधकाम अडाणी नव्हते. मातीच्या जाड थरातून उष्णता आत झिरपण्यास कित्येक तास लागतात. दुपारचे ऊन खोलीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा उतरणीला लागलेली असते. ज्या प्रदेशात वैशाखात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, त्या प्रदेशातील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून शोधलेला तो उपाय होता.

परंतु या छपराला दरवर्षी हात लागत राहणे आवश्यक असते. मृग लागण्यापूर्वी गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या, पांढरी माती पसरून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, एखादी कडी वाळवीने खाल्ली असेल तर ती बदलायची. हे काम घरातील माणसे, शेजारी आणि गावचा सुतार मिळून करीत. ती व्यवस्था जातिबद्ध होती, तीत राबणाऱ्याला मोबदला कमी आणि मान त्याहून कमी होता. ती मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःखाची गोष्ट निराळीच आहे. जुनी व्यवस्था मोडल्यावर देखभालीची नवी व्यवस्था कोणीच उभी केली नाही. सुताराला मजुरी द्यायची तर पैसा हवा. सागवान तर गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले. पांढरी माती मिळण्याच्या जागांवर इमारती उठल्या.

मग सोपा मार्ग निघाला तो असा की जुना थर तसाच ठेवून त्यावर आणखी माती टाकायची. त्याचा परिणाम हिशेब केल्यावर ध्यानात येतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीचा मातीचा थर असेल, तर त्याचे वजन साडेचार ते पाच टन भरते. पावसात माती भिजली की ते आणखी वाढते. एवढे ओझे शंभर वर्षांच्या, टोके कुजलेल्या तुळयांवर असते आणि त्याखाली मुले झोपलेली असतात.

किल्लारीनंतरचा पत्रा

या ओझ्याचा अर्थ मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळला. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मेली. त्यांपैकी बहुसंख्य आपल्याच घराच्या दगड-मातीखाली दडपली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती, त्या भिंतींच्या दोन पदरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नाहीत आणि वर माळवदाचे वजन, अशी ती मांडणी होती. जेथे लाकडी खांबांचा सांगाडा शाबूत होता, तेथे भिंती ढासळूनही छप्पर पुष्कळदा तगून राहिले. पण हा बारकावा भयभीत माणसाने ध्यानात घ्यावा ही अपेक्षा करता येत नाही. माळवद म्हणजे मरण, असे समीकरण लातूर-उस्मानाबादपासून सर्वदूर रूढ झाले, आणि ज्याला ज्याला जमले त्याने माती उतरवून पत्रे घातले.

पत्रा हलका असतो, लवकर बसतो आणि गळला तर डांबराचे ठिगळ लावता येते. हे त्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अर्ध्या मिलिमीटरच्या त्या लोखंडाला ऊन अडविण्याची शक्ती जवळजवळ नाहीच. दहा वाजता तो तापू लागतो आणि दुपारी त्याच्याखालची खोली बाहेरच्या सावलीपेक्षाही गरम होते. वादळात उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. वादळ मोठे असले की पत्रा आणि दगड दोन्ही शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. ज्यांना थोडी अधिक ऐपत होती त्यांनी सिमेंटचा स्लॅब टाकला. पण चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. शिवाय सळईपर्यंत पाणी पोहोचले की ती गंजून फुगते आणि स्लॅबच्या खालच्या अंगाची खपली सुटून पडते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घातलेले कितीतरी स्वस्त स्लॅब आज या अवस्थेत आहेत.

या उष्म्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे समाजवादी विचाराच्या माणसाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. कचेरीत जाणारा माणूस दिवसा पंख्याखाली असतो. पत्र्याखाली दुपार काढते ती चूल सांभाळणारी, घरात बसून शिलाई करणारी किंवा विड्या वळणारी बाई, अंथरुणाला खिळलेले म्हातारे आणि तान्ही मुले. रात्री झोप न झालेला हमाल दुसऱ्या दिवशी पोत्याखाली वाकतो तेव्हा त्याची चक्कर उष्माघात म्हणून नोंदली जात नाही. बंद पडलेल्या उस्मानशाही मिलसारख्या गिरण्यांतून बाहेर फेकल्या गेलेल्या कुटुंबांना तर घर आणि कारखाना हा भेदच उरला नाही. जे काम मिळेल ते त्याच छपराखाली करायचे.

नदीची बाजू

छपराचा प्रश्न छपरावर सुरू होतो असे नेहमीच नसते. नदीकाठच्या घरात तो पुष्कळदा भिंतीच्या पायथ्याशी सुरू होतो. पुराचे पाणी दोन दिवस जोत्याशी उभे राहिले की मातीच्या दर्जा भिजतात. पाणी ओसरते, लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नंतर ऊन पडून भिंत सुकू लागली की ती खचते. पूर उतरल्यावर घरे पडतात ती यामुळे. भिंत इंचभर खचली तरी तुळईची बैठक सरकते. बैठक सरकली की माळवदाला भेग पडते आणि त्या भेगेतून पुढच्या पावसाचे पाणी थेट तुळईच्या टोकाशी जाते. भिंतीत गाडलेले हे टोक कुजत असते आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून केवळ वर ताडपत्री अंथरणारी दुरुस्ती नदीकाठी टिकत नाही. पायथ्याच्या दर्जा भरणे, तुळईची टोके उघडून तपासणे, पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर पाडणे, ही कामे आधी करावी लागतात. भिजक्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणे हा तर घातक उपाय होय. ओल आत कोंडली जाते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तेथे चुन्याचा गिलावा योग्य.

याच नदीची आणखी एक बाजू कागदावर आहे. पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध आहेत. ते असलेच पाहिजेत. नदीचे पात्र बिल्डरांना आंदण देणे हा गुन्हाच आहे. परंतु ही रेषा आखली जाण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या माणसाचे काय? घर पाडून नवे बांधायचे तर जोते पूररेषेच्या वर न्यायला हवे, आणि तेवढा पैसा त्याच्यापाशी नाही. अशा घराला दुरुस्ती हाच एकमेव मार्ग उरतो, आणि नेमक्या त्याच मार्गासाठी कोणतीही योजना नाही.

जबाबदारी तिघांची, म्हणजे कोणाचीच नाही

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा लागू होता, विदर्भात १९४९ चा आदेश होता आणि मुंबई-पुण्याला १९४७ चा कायदा होता. या तिन्हींची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने ते टाळले तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी मुभा आहे. परंतु त्याला मर्यादा आहे. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

समजा, एका जुन्या घराचे भाडे महिना दोनशे रुपये आहे. वर्षाचे झाले चोवीसशे. त्याचा चौथा हिस्सा सहाशे रुपये. सहाशे रुपयांत तुळई बदलत नाही. गवंड्याची एका दिवसाची मजुरी कशीबशी निघेल. म्हणजे हक्क कायद्यात आहे, पण तो बजावण्याची सोय कायद्यानेच काढून घेतली आहे.

मालकाची बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. जुन्या घराचा मालक म्हणजे नेहमी सावकार किंवा जमीनदार असतो असे नाही. पुष्कळदा ती एखादी विधवा असते, किंवा एका वाड्याचे चौदा वारस असतात आणि त्यांपैकी दहा परगावी असतात. नव्या कायद्याप्रमाणे वर्षाला चार टक्के भाडेवाढ मिळते. दोनशेवर ती आठ रुपये होते. अशा भाड्यातून छप्पर दुरुस्त होणार नाही हे उघड आहे. दुसरीकडे जो मालक धनवान आहे त्याला दुरुस्तीत रसच नाही. घर पडले तर जागा मोकळी होते आणि जागेला सोन्याचा भाव आहे. छप्पर गळू देणे हा त्याच्या दृष्टीने भाडेकरूला बाहेर काढण्याचा सर्वांत स्वस्त दावा असतो. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. दोन-तीन पावसाळे थांबले की पुरते.

तिसरा पक्ष महानगरपालिकेचा. मोडकळीस आलेली इमारत पाडण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार तिला कायद्याने आहे. दर वर्षी मे महिन्यात धोकादायक घरांवर नोटिसा चिकटवल्या जातात. नोटिशीत असते ते एवढेच: इमारत धोकादायक आहे, ती रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या हानीस पालिका जबाबदार राहणार नाही. कोठे जावे ते त्यात नसते. दुरुस्तीला पैसा कोण देणार तेही नसते. शिवाय पालिकेने पाडण्याचा हुकूम दिला तर तो भाड्याच्या कायद्याखाली ताबा मागण्याचे एक कारण ठरतो. त्यामुळे गळक्या छपराची तक्रार करायलाच भाडेकरू भितो. तक्रार करावी तर नोटीस येते, नोटीस आली तर घर जाते. मग तो गप्प बसतो आणि खाटेची जागा बदलतो.

या ठिकाणी चळवळीलाही एक प्रश्न विचारणे भाग आहे. भाडी गोठवून ठेवण्यासाठी भाडेकरूंच्या संघटना लढल्या, ते योग्यच होते; नाहीतर युद्धोत्तर महागाईत लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण भाडे गोठल्यावर देखभालीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न त्याच जोराने मांडला गेला नाही. त्याचे उत्तर बाजाराने दिले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या जुन्या कायद्यातील गोठवलेले प्रमाणभाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा मालकांच्या हातात युक्तिवाद आला तो याच उणिवेतून.

पैसा कोठे जातो

शासनापाशी पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. म्हणून तो कोठे जातो ते पाहणे उपयुक्त ठरेल. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडचा समावेश झाला. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते, पूल, घाट झाले. गरीब वस्त्यांत नवी घरेही बांधली गेली. यात गैर काही नाही. परंतु उभ्या असलेल्या जुन्या घराचे छप्पर सांभाळणे हा त्या आराखड्याचा विषय नव्हता. २५ जून २०१५ पासून आलेल्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधू इच्छिणाऱ्यास केंद्राकडून दीड लाख रुपये मिळू लागले. पण ते नवे बांधण्यासाठी किंवा जुन्याला खोली वाढवण्यासाठी. जागा स्वतःच्या नावावर हवी. भाडेकरू, देवस्थानाच्या वा वक्फच्या जागेवर राहणारा, आणि चौदा वारसांपैकी एक, हे सारे त्या दाराबाहेरच राहतात.

आपत्तीनंतरच्या मदतीचे निकष तर मोठे बोलके आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या राष्ट्रीय निकषांत सपाटीवरील घर पूर्ण पडले तर १,२०,००० रुपये, आणि अंशतः पडले तर पक्क्या घराला ६,५०० व कच्च्याला ४,००० रुपये अशी तरतूद होती. अंशतः म्हणजे किमान १५ टक्के पडझड. त्याहून कमी असेल तर काहीच नाही. याचा अर्थ असा की घर जितके जास्त पडेल तितकी मदत जास्त, आणि ते पडू नये म्हणून धडपडणाऱ्याला शून्य. तुळई मोडण्यापूर्वी एक खांब देण्यासाठी शासनापाशी रुपया नाही. ती मोडून माणूस मेल्यावर मात्र सानुग्रह अनुदान आहे. हा केवळ निर्दयपणा नव्हे. ही उधळपट्टीही आहे.

दुरुस्ती शासनाने करणे अशक्य आहे, असेही म्हणता येत नाही, कारण महाराष्ट्राने ती दोनदा केलेली आहे. जुन्या चाळी कोसळून माणसे मरू लागली तेव्हा मुंबईसाठी १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. उपकर बसवला गेला आणि १९,६४२ इमारती त्याखाली आल्या. पुढे ते मंडळ म्हाडात विलीन झाले. त्याच्या कारभारात दिरंगाई आहे, भ्रष्टाचाराचे आरोप आहेत, खर्चाची मर्यादा अपुरी आहे. हे सर्व मान्य करूनही एक तत्त्व त्या कायद्याने प्रस्थापित केले: जुन्या घराची दुरुस्ती ही मालक-भाडेकरूंमधील खाजगी बाब नसून सार्वजनिक जबाबदारी आहे. मात्र हे तत्त्व मुंबई बेटाच्या हद्दीवर येऊन थांबले. नांदेड, पैठण, नाशिक, पंढरपूर येथील माणसाचे डोके काय कमी मोलाचे आहे?

दुसरा अनुभव खुद्द मराठवाड्याचा आहे. किल्लारीनंतर नव्याने वसवलेली गावे सर्वांना दिसली. पण त्याच पुनर्वसन कार्यक्रमात जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचेही मोठे काम झाले, आणि जवळपास दोन लाख घरांपर्यंत ते पोहोचले, हे फारसे बोलले जात नाही. माळवदाचा थर कमी करणे, खांब आणि तुळई यांना तिरपे टेकू देऊन सांगाडा घट्ट करणे, दुपदरी भिंतीत आरपार दगड बसवणे असे ते उपाय होते. पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती जाई, आणि गावोगावी नेमलेल्या संवाद सहाय्यक स्त्रिया लोकांना ते काम समजावून देत. ज्या राज्याने भूकंपानंतर हे केले, त्याने ते आपत्तीची वाट न पाहता का करू नये, हाच प्रश्न आहे.

मागण्या आणि कामे

या विवेचनातून काही मागण्या सरळ निघतात.

पहिली, मुंबईबाहेरील जुन्या शहरांसाठी दुरुस्ती निधी. त्याचा मुख्य भार शासन आणि पालिकेने उचलावा. धनवान मालकाकडून खर्च मालमत्ता कराबरोबर वसूल करावा. निर्धन मालकाला सूट असावी. 

दुसरी, मदत राहणाऱ्याला मिळावी, केवळ मालकीचा कागद असणाऱ्याला नव्हे. जो त्या छपराखाली झोपतो त्याचा त्या छपरावर हक्क आहे.

तिसरी, घर धोकादायक ठरविणाऱ्या नोटिशीबरोबरच दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि तात्पुरत्या निवाऱ्याचा पत्ता देणे पालिकेवर बंधनकारक करावे. घर दुरुस्त होण्याजोगे आहे की नाही हे मालकाने आणलेल्या अभियंत्याने नव्हे, तर स्वतंत्र तपासणीने ठरावे. आणि घर पडले तरी राहणाऱ्याचा परत येण्याचा हक्क लेखी नोंदला जावा.

चौथी, काम आणि मजुरीची. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी दिली आणि पुढे तिचा कायदा केला. त्या हमीसाठी शहरांतील बिगरनिवासी मालमत्तांवर उपकर बसत आला, परंतु नांदेडसारख्या शहरातील मजुराला ती हमी मिळाली नाही. वैशाखात, ऐन बेकारीच्या दिवसांत, गवंडी, सुतार आणि बिगारी यांना छपरांच्या दुरुस्तीचे काम सार्वजनिक खर्चाने दिले, तर एकाच पैशात दोन घरे चालतील.

पाचवी, उष्म्याविषयी. अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील तीन हजारांहून अधिक छपरे पांढरी रंगवली. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पांढऱ्या लेपाने पत्र्याखालची खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. चुन्याचा हात दरवर्षी द्यावा लागतो, पण तो महाग नाही. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या तर त्याहून अधिक आराम मिळतो. आणि जेथे सांगाडा चांगला आहे तेथे माळवद पाडण्याचे कारणच नाही. जुने थर खरवडून जाडी वीतभरावर आणावी, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालावा, तुळईला टेकू द्यावा. ते घर उन्हात पत्र्यापेक्षा कितीतरी सुखाचे राहते. सरकारी दरपत्रकात स्लॅब आणि पत्र्याबरोबर माळवदाच्या दुरुस्तीलाही स्थान मिळाले पाहिजे.

मागण्या मांडून काम संपत नाही. कार्यकर्त्याने चैत्रातच गल्लीची वही करावी. प्रत्येक घराची नोंद घ्यावी: छप्पर कशाचे, गळते कोठे, भिंतीला ओल किती उंचीपर्यंत, तुळईच्या टोकाला सुई टोचली तर ती किती आत जाते, राहतो कोण, मालक कोण, भाडे किती, पावती मिळते की नाही. पावती नसेल तर वीजबिल, शिधापत्रिका, मतदारयादी यांतून वास्तव्याचा पुरावा गोळा करावा, कारण घर पडल्यावर पहिला वाद त्यावरूनच निघतो. कलम १४ ची नोटीस एकट्या भाडेकरूने न देता वाड्यातील सर्वांनी मिळून द्यावी. चुना, ताडपत्री, बांबू एकत्र खरेदी केल्यास स्वस्त पडतात. आणि ही वही घेऊन मेच्या पहिल्या आठवड्यात पालिकेवर जावे, जूनमध्ये नव्हे. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर दिलेले निवेदन म्हणजे पूर गेल्यावर बांधलेला बांध.

कोणी म्हणेल, क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्या पक्षाने चुना आणि ताडपत्रीची चर्चा करावी काय? त्याला उत्तर असे की ज्याला रात्रीची झोप नाही त्याच्यापाशी सभेला येण्याचे त्राण नसते, आणि ज्याला घर जाण्याची भीती आहे तो मालकाविरुद्ध तोंड उघडत नाही. नव्या घराच्या कोनशिलेवर मंत्र्याचे नाव कोरता येते, दुरुस्त केलेल्या तुळईवर कोरता येत नाही. म्हणून हे काम सत्तेला नकोसे असते. पण उभे आहे ते पडू न देणे हाही समाजाने एकमेकांशी केलेला करार आहे, आणि तो पाळण्यास शासनाला भाग पाडणे हे लोकांच्या संघटनेचे काम आहे. गोदावरीला पूर येणारच आणि वैशाख तापणारच. त्यांच्यासमोर माणसाला एकटे सोडायचे की नाही, एवढेच समाजाच्या हाती आहे.